थायरॉइड कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची हार्मोनची गोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पेशंटकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांच्या कामाचे आहेत, शेवटचे ज्याचे त्याने पाहावेत. इथले डोसचे आकडे समजून घेण्यासाठी आहेत. त्यांच्या आधारे स्वतःचा डोस बदलू नका.

१. थायरॉइड तर काढून टाकली. मग ही गोळी कशाची? कॅन्सरचं औषध आहे का हे?

गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं. तुमची ग्रंथी जो टी४ हार्मोन बनवत होती तोच हा, फक्त कारखान्यात तयार केलेला. शरीर त्यातून लागेल तसा टी३, म्हणजे पेशी प्रत्यक्ष वापरतात तो हार्मोन, बनवून घेतं.

कॅन्सरनंतर या गोळीला दोन कामं असतात. पहिलं भरपाईचं: ग्रंथी गेली, हार्मोन तर रोज लागतोच. दुसरं आवर घालण्याचं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच सोडते. 'काम कर, वाढ' असा तो थायरॉइडला दिलेला निरोप असतो, आणि पॅपिलरी व फॉलिक्युलर प्रकारच्या कॅन्सरच्या पेशीही तो ऐकतात. रक्तात टी४ भरपूर असला की पिट्यूटरी गप्प बसते आणि कुठे चुकार पेशी उरल्या असतील तर त्यांना वाढायचा निरोप मिळत नाही. म्हणून साध्या हायपोथायरॉइडच्या (ग्रंथी कमी काम करते अशा) पेशंटला चालतो त्यापेक्षा थोडा जास्त डोस तुम्हाला दिलेला असू शकतो.

२. हार्मोन म्हणजे स्टिरॉइडच ना? सवय लागेल का?

नाही आणि नाही. स्टिरॉइडशी किंवा पाळीच्या गोळ्यांशी हिचा संबंध नाही. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये देतात ती 'हार्मोन थेरपी' हार्मोन अडवते, ही हार्मोन पुरवते. संपूर्ण ग्रंथी काढली असेल तर गोळी आयुष्यभर लागते. त्याला सवय म्हणायचं तर जेवणालाही म्हणावं लागेल.

३. रिपोर्टमध्ये टीएसएच ०.०६ आलाय आणि बाजूला 'कमी' असा बाण छापलाय. फॅमिली डॉक्टर म्हणाले डोस जास्त झालाय, १२५ मायक्रोग्रॅमवरून ७५ करा. करू का?

तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो.

लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा, साधारण ०.४ ते ४ च्या आसपासची, ही ज्यांची थायरॉइड जागेवर आहे अशा निरोगी माणसांसाठी असते. तुमचं ऑपरेशन झालंय हे लॅबच्या कॉम्प्युटरला माहीत नसतं. आकडा मर्यादेखाली दिसला की तो बाण छापतो. फॅमिली डॉक्टरांचीही यात चूक नसते. त्यांच्यासमोर रोज येणारे थायरॉइडचे पेशंट साधे हायपोथायरॉइडचे असतात आणि त्यांचा टीएसएच ०.०६ आला तर डोस कमी करणंच बरोबर. तुमच्या बाबतीत तोच आकडा मुद्दाम आणलेला असू शकतो.

यावर उपाय एकच आणि साधा आहे. पुढच्या फॉलोअपला कॅन्सरच्या डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहून घ्या: कॅन्सरचा प्रकार, तुमच्यासाठी ठरवलेला टीएसएच (उदाहरणार्थ '०.१ ते ०.५') आणि डोस कोणी बदलायचा. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फॅमिली डॉक्टर असोत, दाताचे डॉक्टर असोत की कॅज्युअल्टीतले डॉक्टर, आधी तो फोटो दाखवायचा.

मात्र धडधड, हातांची थरथर, झोप उडणं असा त्रास होत असेल तर 'आकडा मुद्दाम आणलाय' म्हणून गप्प बसू नका. प्र. १५ पाहा.

४. मग माझा टीएसएच नेमका किती हवा?

कॅन्सर परत येण्याची जोखीम किती आणि उपचारांना प्रतिसाद कसा मिळाला, यावर ते ठरतं. ढोबळ हिशेब असा: जोखीम जास्त असेल किंवा स्कॅनमध्ये आजार दिसत असेल तर ०.१ च्या खाली. जोखीम मध्यम असेल तर ०.१ ते ०.५. जोखीम कमी आणि तपासण्या स्वच्छ असतील तर ०.५ ते २, म्हणजे जवळपास सर्वसामान्य माणसाइतका.

हा आकडा कायमचा नसतो. पहिल्या वर्षी ०.१ च्या खाली ठेवलेला टीएसएच पुढे सगळं ठीक दिसलं की सैल करतात. पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरचं लक्ष्य आजही तेच आहे असं धरून चालू नका.

५. माझी नणंद आणि मी, दोघींचं एकच ऑपरेशन. तिला ७५ आणि मला १३७. असं का?

डोस वजनावर ठरतो. नुसत्या भरपाईसाठी दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६, व्यवहारात १००. टीएसएच दाबून ठेवायचा असेल तर किलोमागे २ च्या आसपास, म्हणजे १२० ते १२५. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरुवात बेतानेच करतात. त्यातून तिची अर्धीच ग्रंथी काढली असेल (प्र. १९) तर तुलनाच चुकीची. नणंदेच्या बाटलीतली गोळी उसनी घेऊ नका, मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमचा घोळही तिथेच होतो: ०.१ मिलिग्रॅम म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम.

६. गोळी केव्हा घ्यायची? चहाआधी किती वेळ? उठल्याउठल्या चहा लागतोच.

सकाळी उपाशीपोटी, अर्धा ग्लास साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर चहा-कॉफी-नाश्त्याला निदान अर्धा तास, जमलं तर एक तास थांबा. गोळी लहान आतड्यात शोषली जाते आणि पोट रिकामं असेल तरच नीट शोषली जाते. दुधातलं कॅल्शियम, कॉफी, सोयाबीन, नाचणीसारखे कॅल्शियमवाले पदार्थ आणि इसबगोल तिला अडवतात.

रोज पाळला जाईल असा नियम काटेकोर पण मोडणाऱ्या नियमापेक्षा बरा. रोज बरोबर पस्तीस मिनिटांनी चहा घेत असाल तर त्यानुसार डोस जुळवता येतो. आज दहा मिनिटं, उद्या दीड तास, परवा चहाबरोबरच, असं झालं की टीएसएच वरखाली होतो आणि डॉक्टरांना वाटतं डोसच चुकतोय. उशाशी पाण्याची बाटली आणि एका दिवसाची गोळी ठेवली, पहिला गजर गोळीचा आणि दुसरा चहाचा लावला, तर बहुतेकांचं जमतं.

७. मला ठाण्याहून ५.४० ची लोकल पकडायची असते. मुलगा महापेला नाइट शिफ्टला जातो, त्यालाही हीच गोळी आहे. आम्ही कसं करायचं?

पहाटे निघणाऱ्याने गोळी घरी घ्यावी आणि चहा स्टेशनवर किंवा ऑफिसात पोहोचल्यावर. मधला प्रवास हाच तुमचा एक तास.

शिफ्टवाल्याने घड्याळ विसरून स्वतःच्या झोपेकडे बघावं. झोपण्याआधी घेतली तरी चालते, अट एवढीच की शेवटचं खाणं होऊन तीन तास झालेले असावेत. सकाळी सातला घरी येऊन पोहे खाऊन लगेच आडवं व्हायचं असेल तर ही वेळ उपयोगाची नाही. मग दुपारी उठल्याउठल्या घ्यायची. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर 'उठल्यावर पहिलं काम' हाच नियम टिकतो.

८. ऑपरेशननंतर कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्यात, दिवसातून तीनदा. सगळं एकत्र घेतलं तर?

थायरॉइडची गोळी वाया जाईल. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यातच धरून ठेवतात. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं.

कॅल्शियम का देतात? थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात आणि त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला तर काही आठवडे, क्वचित कायमचं, कॅल्शियम कमी पडतं. दिवस असा लावता येतो:

पहाटे ५.३० ला थायरॉइडची गोळी, ६.३० ला चहा-नाश्ता, १० वाजता पहिलं कॅल्शियम काहीतरी खाऊन, दुपारच्या जेवणाबरोबर दुसरं, रात्रीच्या जेवणाबरोबर तिसरं. कॅल्शियम कार्बोनेट अन्नाबरोबर जास्त चांगलं शोषलं जातं, म्हणून जेवणाशी जोडायचं. कॅल्शियमबरोबर देतात त्या कॅल्सिट्रिऑलच्या (ड जीवनसत्त्वाच्या) कॅप्सूलला हे चार तासांचं बंधन नाही. रात्री कॅल्शियम घेणाऱ्याने थायरॉइडची गोळी झोपताना घेऊ नये.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर अंतराचं गणित बाजूला ठेवून डॉक्टरांनी सांगितलेलं जादा कॅल्शियम लगेच घ्या आणि त्यांना फोन करा. हाताची बोटं आखडून वळायला लागली तर घरी थांबू नका, कॅज्युअल्टीत जा. तिथे शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. थायरॉइडची एक गोळी वाया गेल्याने काही बिघडत नाही, कॅल्शियमला झालेल्या उशिराने बिघडतं.

९. गोळी विसरले. उद्या दोन घेऊ का?

त्याच दिवशी आठवलं तर तेव्हाच घ्या, पोट जरा रिकामं असताना. दुसऱ्या दिवशी आठवलं आणि हृदयाचा त्रास नसेल, तर बरेच डॉक्टर राहिलेली गोळी त्या दिवशीच्या गोळीबरोबर घ्यायला सांगतात. हे चालतं, कारण रक्तातला टी४ निम्मा व्हायला सुमारे सात दिवस लागतात, एका दिवसाने फारसा फरक पडत नाही. हृदयविकार, अनियमित ठोके किंवा जास्त वय असेल तर दुप्पट घेण्याआधी विचारा. आठवडाभर गोळ्या राहिल्या असतील तर सात एकदम गिळायच्या नाहीत. नेहमीचा डोस सुरू करून डॉक्टरांना कळवा.

'घेतली की नाही' हेच आठवत नसेल तर आठवड्याच्या सात खणांची डबी घ्या. कप्पा रिकामा की भरलेला, वाद मिटला.

१०. मला १०० ची एक आणि २५ ची एक अशा दोन बाटल्या दिल्यात. यात काय चुकू शकतं?

२५ ची बाटली आधी संपते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती नसते, 'दोन दिवसांनी येईल' असं उत्तर मिळतं आणि पुढचे तीन महिने फक्त १०० वर जातात. टीएसएच वाढतो, डॉक्टर डोस वाढवतात, मग २५ ची बाटली सापडते आणि डोस एकदम जास्त होतो. बाटलीच्या झाकणावर मार्करने ठळक आकडा लिहा आणि दोन्ही बाटल्या एकाच दिवशी विकत घ्या. शक्य असेल तर १२५ ची एकच गोळी मागून घ्या. 'सोम ते शुक्र १२५, शनि-रवि १५०' असा डोस असेल तर तो कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा.

११. ब्रँड बदलला तर चालतो का? जनऔषधीची गोळी स्वस्त पडते.

औषध तेच आहे. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स आणि जेनेरिक, सगळ्यांत लेव्होथायरॉक्सिनच असतं. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे ब्रँडेड गोळीही तशी महाग नाही. अडचण अशी की या औषधात थोड्या फरकानेही टीएसएच हलतो आणि दोन कंपन्यांच्या गोळ्या शोषल्या जाण्यात तेवढा फरक असू शकतो. बदल खुशाल करा, पण एकदाच करा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. दर महिन्याला दुकानात जे असेल ते घेणं तेवढं टाळा.

१२. पावसाळ्यात गोळ्यांना डाग पडले, काही भुगा झाल्या. घेतल्या तर चालतील?

नाही, टाकून द्या. दमट हवा, ऊन आणि उजेड यांनी ही गोळी खराब होते. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा बाथरूमच्या कपाटात ठेवलेली बाटली लवकर बिघडते. मूळ बाटलीतच ठेवा, आतली ओलावा शोषणारी पुडी काढू नका, झाकण लगेच घट्ट लावा. सात खणांच्या डबीत एका आठवड्यापुरत्याच काढा. प्रवासात बाटली हातातल्या बॅगेत, पार्क केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. गणपतीला गावी जाताना चार दिवस जास्तीच्या गोळ्या बरोबर असू द्या.

१३. कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करायचं ना? आणि आयोडीनचं मीठ?

कोबी-फ्लॉवर बंद करायचं कारण नाही. त्यातली द्रव्यं थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणू शकतात, पण तुमची ग्रंथीच नाही, तर अडथळा कुणाला? गोळीवर त्यांचा परिणाम होत नाही. सोयाबीनचा होतो, पण तो शोषणावर, म्हणून ते गोळीपासून काही तास लांब खा.

हार्मोन बनवायला तुम्हाला आता आयोडीन लागत नाही. तरीही घरातलं मीठ बदलू नका, मुलांना आणि बाकीच्यांना आयोडीन लागतंच. फक्त किरणोत्सारी आयोडीनच्या आधीचे एक-दोन आठवडे अपवाद, त्यासाठी प्र. १७.

१४. नवरात्राचे नऊ दिवस उपास असतो. गोळीने उपास मोडतो का? रोजा असणाऱ्यांचं काय?

उपासात रिकामं पोट तर आयतंच मिळतं. गोळी पाण्याबरोबर घ्या आणि तासाने फराळ. निर्जळी एकादशी असेल तर पहाटे उपास धरायच्या आधी किंवा आदल्या रात्री झोपताना घेता येते. रोज्यात सेहरीच्या अर्धा-एक तास आधी, नाहीतर इफ्तारनंतर तीन तासांनी झोपताना. देवासाठी नऊ दिवस गोळी बंद ठेवणं मात्र चुकीचं.

१५. डोस जास्त झालाय की कमी, हे मला कसं कळेल?

जास्त झाला तर छातीत धडधड, बोटांना थरथर, घाम, पातळ शौच, झोप न लागणं, चिडचिड, भूक असूनही वजन उतरणं. कमी पडला तर बद्धकोष्ठ, चेहरा सुजल्यासारखा, थंडी सहन न होणं, आवाज जड, सुस्ती. ऑक्टोबरमध्ये घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे एकट्या लक्षणावर भरवसा नको. बसून असताना नाडी मिनिटाला १०० च्या वर राहत असेल किंवा ठोके अनियमित लागत असतील तर त्याच दिवशी दाखवा. टीएसएच फार दाबून ठेवला की एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा) धोका वाढतो आणि पाळी बंद झालेल्या बायकांची हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणूनच डॉक्टर अधूनमधून ईसीजी आणि हाडांची डेक्सा तपासणी सांगतात.

वजनाबद्दल स्वतंत्र लिहीत नाही, कारण उत्तर लहान आहे: टीएसएच ठरवलेल्या आकड्यावर असेल तर वाढलेलं वजन गोळीमुळे नाही, आणि ते उतरवण्यासाठी डोस वाढवायचा नाही.

१६. टीएसएच किती दिवसांनी करायचा? उपाशी? थायरोग्लोब्युलिन काय असतं?

डोस किंवा ब्रँड बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. आधी केलात तर अर्धवट बदललेला आकडा येतो आणि त्यावरून डोस पुन्हा बदलला की पाठशिवणीचा खेळ सुरू होतो. आकडा स्थिर झाला की सहा महिने ते वर्षाने. टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नाही, पण त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, म्हणजे फ्री टी४ चा आकडा फुगत नाही. घरी येऊन रक्त घेणाऱ्याला सकाळची तीच वेळ द्या. लॅबही शक्यतो तीच ठेवा.

थायरोग्लोब्युलिन हे फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. संपूर्ण ग्रंथी काढून किरणोत्सारी आयोडीन दिल्यावर ते जवळपास शून्य असायला हवं. नंतर वाढत गेलं तर कुठेतरी पेशी आहेत अशी शंका येते. त्याच्याबरोबर अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडी आणि टीएसएच करायलाच हवा, कारण अँटीबॉडी असेल तर आकडा खोटा कमी दिसू शकतो. एकट्या आकड्यापेक्षा त्याच लॅबमधले चार-पाच आकडे ओळीने मांडून बघा.

आणि केसांच्या गोळ्या! हार्मोन खालीवर झाला की केस गळतात, केस गळले की कुणीतरी बायोटिन सुचवतं. काही लॅबच्या पद्धतींमध्ये बायोटिनमुळे टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन दोन्ही खोटे कमी दाखवले जातात. म्हणजे खरा आजार लपतो आणि डोस मात्र जास्त वाटतो. तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि घेत असाल तर लॅबला सांगा.

१७. किरणोत्सारी आयोडीनसाठी गोळी महिनाभर बंद करायला सांगितलीय. आधी म्हणता हार्मोन रोज लागतोच, आता बंद?

इथे टीएसएच मुद्दाम वाढवायचा असतो. तो ३० च्या वर गेला की उरलेल्या थायरॉइड पेशी आयोडीन ओढून घेतात, आणि दिलेलं आयोडीन-१३१ त्यांना आतून जाळतं. टी४ दर आठवड्याला निम्मा होतो, त्यामुळे चार आठवड्यांनी सुमारे सहा टक्के उरतो. म्हणून तीन-चार आठवडे बंद. मधल्या काळात टी३ च्या गोळ्या दिल्या असतील तर त्या शेवटच्या दोन आठवड्यांत थांबवतात. दुसरा मार्ग म्हणजे रीकॉम्बिनंट टीएसएचची इंजेक्शनं, सलग दोन दिवस ०.९ मिलिग्रॅम. त्यात गोळी बंद करावी लागत नाही, पण खर्च बराच येतो.

गोळी बंद असताना शेवटच्या दोन आठवड्यांत हालचाली मंदावतात. घोडबंदर रोडवर दुचाकी चालवू नका.

याच काळात कमी आयोडीनचा आहार असतो. आयोडीनचं मीठ, मासे, सुकट, कोळंबी, दूध-दही, अंड्याचा बलक, आणि बाहेरचं जे काही खारट असेल ते (पाव, खारी, फरसाण, पापड, लोणचं) बंद. केकवरच्या लाल चेरीत एरिथ्रोसिन हा आयोडीनचा रंग असू शकतो, तीही नको. खाडीकाठच्या मिठागराचं खडे मीठ चालेल असं समजू नका, समुद्री मीठही बंदच. आयोडीन न घातलेलं मीठ कोणतं ते हॉस्पिटलला विचारा. ज्वारी-तांदळाची भाकरी, भात, वरण, भाज्या, फळं, बिनमिठाचे शेंगदाणे, गूळ चालतात. बीटाडीनच्या गुळण्याही नकोत. नुकताच डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर आधी सांगा, त्यातल्या आयोडीनमुळे उपचार काही आठवडे पुढे ढकलावे लागतात.

आणि डिस्चार्जच्या वेळी 'गोळी परत कोणत्या तारखेला सुरू करायची' ही ओळ कागदावर लिहून घ्या. ती न मिळाल्यामुळे आणखी महिनाभर गोळीविना राहणारे पेशंट अजूनही भेटतात.

१८. आयोडीन घेऊन परळहून ट्रेनने ठाण्याला आलं तर चालेल का?

गाडी करा. पहिले काही दिवस तुमच्या शरीरातून किरण बाहेर पडत असतात आणि गर्दीच्या डब्यात शेजारी कोण गरोदर आहे हे कळत नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधून येत असाल किंवा दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलमधून, मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला बसा. घरी किती दिवस वेगळं झोपायचं हे दिलेल्या डोसवर ठरतं आणि हॉस्पिटल ते लिहून देतं. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहा. संडास दोनदा फ्लश करा, पुरुषांनीही बसूनच लघवी करावी. लहान घर असेल तर मुलांना त्या दिवसांत आजीकडे पाठवणं सोपं पडतं.

१९. माझी अर्धीच थायरॉइड काढली. / माझा मेड्युलरी कॅन्सर आहे. हे सगळं मला लागू आहे का?

अर्धी काढली असेल तर उरलेली बाजू काम करते. काहींना गोळी लागतच नाही, काहींना थोडी लागते. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून ठरतं. थायरोग्लोब्युलिनचा 'शून्याजवळ' हा नियम तुम्हाला लागू नाही, उरलेली बाजू ते बनवतच असते.

मेड्युलरी कॅन्सर वेगळ्या पेशींचा असतो, त्या टीएसएचचा निरोप ऐकत नाहीत. म्हणून तिथे टीएसएच दाबायचा नाही, सामान्य मर्यादेत ठेवायचा. लॅबचा छापील आकडा इथे चालतो. पाठपुरावा कॅल्सिटोनिन आणि सीईए या रक्ताच्या तपासण्यांवर होतो. आयोडीन-१३१ चाही उपयोग नाही.

२०. मूल हवंय. केव्हा, आणि गोळीचं काय?

किरणोत्सारी आयोडीननंतर बाईने सहा महिने ते वर्षभर थांबावं, पुरुषाने निदान तीन-चार महिने. स्तनपान चालू असेल तर आयोडीनआधी ते पूर्ण बंद करावं लागतं, आणि त्या बाळासाठी पुन्हा सुरू करता येत नाही.

लेव्होथायरॉक्सिन गरोदरपणात सुरक्षित आहे, उलट वाढवावं लागतं, साधारण पाव ते एक तृतीयांश. चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, अशी सोय बरेच डॉक्टर आधीच लिहून देतात, तुम्हीही लिहून घ्या. अर्ध्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. बाळंतपणानंतर जुन्या डोसवर परत. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या याच काळात सुरू होतात, तेव्हा प्र. ८ पुन्हा वाचा.

२१. दुसरी औषधं चालू आहेत: अ‍ॅसिडिटी, टीबी, फिट्स, रक्त पातळ करण्याचं.

अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर शोषण कमी होतं. सुक्रालफेट आणि अँटासिड चार तास लांब ठेवा. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिट्सचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन हे लिव्हरला हार्मोन लवकर मोडायला लावतात, त्यामुळे डोस वाढवावा लागतो. टीबीचा कोर्स संपल्यावर तो परत कमी करायचा असतो, आणि नेमकं हेच सगळे विसरतात. वॉरफरिन असेल तर थायरॉइडचा डोस बदलल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) लवकर करा. गर्भनिरोधक गोळी सुरू केलीत तर टीएसएच सहा आठवड्यांनी.

२२. कांचनार गुग्गुळ आणि अश्वगंधा घेऊन गोळी हळूहळू सोडता येईल का?

काढून टाकलेली ग्रंथी काढ्याने परत येत नाही, आणि कांचनारात टी४ नसतो. अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे रिपोर्ट वाचणं अवघड होतं. घेतच असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

२३. पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, 'रात्रीपासून काही खायचं नाही' म्हणालेत. गोळी?

सहसा सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला परवानगी असते, भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या. दोन-तीन दिवस तोंडाने काहीच देता आलं नाही तरी चालतं, कारण प्र. ९ मध्ये दिलंय. आठवडाभर लांबलं तर मात्र डॉक्टरांना आठवण करून द्यावी लागते.

२४. आईला ऑपरेशन होऊन बारा वर्षं झाली, वय ७८. सगळे रिपोर्ट स्वच्छ, टीएसएच अजून ०.०५ ठेवलाय. हे बरोबर आहे का?

हा प्रश्न जरूर विचारा, आणि मुलानेच विचारा, आई विचारणार नाही. इतकी वर्षं आजार नसेल तर दाबलेल्या टीएसएचचा फायदा फारसा उरत नाही. या वयात हृदय आणि हाडं यांचा धोका मात्र वाढत जातो. बऱ्याच पेशंटमध्ये लक्ष्य ०.५ ते २ पर्यंत सैल करता येतं. अपॉइंटमेंटला जाताना मूळ बायोप्सीचा रिपोर्ट, थायरोग्लोब्युलिनचे सगळे जुने आकडे, ताजा ईसीजी आणि डेक्सा बरोबर न्या. डोस एकदम नाही, १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमच्या पायरीने कमी होतो आणि प्रत्येक पायरीनंतर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी.

नवीन डोसची बाटली आणली की जुनी घरातून काढून टाका. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, आणि पहाटे साडेपाचला चष्मा डोळ्यांवर नसतो.